बॅटरी पॅकचा उद्योग सुरू केलाय, सल्लागार कोणाला नेमावं? (वाळूज, छ. संभाजीनगर)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र वाळूजला लिथियम बॅटरी पॅक बनवतो. दोघं मेकॅनिकलचे, मी इलेक्ट्रॉनिक्सचा. सेल बाहेरून घेतो. जोडणी, वायरिंग, डबा आणि बीएमएसचं (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर पॅक तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचं) सेटिंग आमचं. सध्या फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्या जातात, पैठण, गंगापूर, अंबडचे दुकानदार घेतात. आता तीनचाकी मालवाहू गाडीच्या पॅककडं वळतोय, ५१.२ व्होल्ट, क्षमता १०० अँपिअर-अवर. एका गाडी बनवणाऱ्या कंपनीशी बोलणी सुरू आहेत. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "तुमच्या पाठीशी तज्ज्ञ कोण?"

प्रश्न रास्त आहे. आमच्यातल्या कोणीही सेलच्या कारखान्यात काम केलेलं नाही. म्हणून सल्लागार मंडळ करायचं ठरवलं आणि तीन जण समोर आहेत.

पहिले एक प्राध्यापक. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत नाव आहे, शोधनिबंध भरपूर. त्यांचं म्हणणं, लिथियम सोडा, सोडियम-आयन बॅटरीवर या.

दुसरे लेड-ॲसिड बॅटरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. वॉरंटी, डीलर, लाइनवरची शिस्त यात मुरलेले.

तिसरे पुण्यातले स्टार्टअप मार्गदर्शक. गुंतवणूकदारांशी गाठ घालून देतो म्हणतात आणि सुरुवातीलाच ३ टक्के हिस्सा मागतात.

२०२४ मध्ये ई-स्कूटरवाली एथर आणि टोयोटा-किर्लोस्कर दोघांनी बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत कारखाने जाहीर केले. हा उद्योग आपल्या दाराशी येतोय. मराठवाड्यातल्या पोरांनी तिथं फक्त गेटवर हजेरी लावू नये, इथं स्वतःचा माल बनवणारेही चार जण असावेत, असं फार वाटतं. त्यामुळे हे नीट करायचंय. कोणाला घ्यावं, काय द्यावं, काय मागावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

शॉपफ्लोअर
अभिनंदन. चिकलठाणा आणि वाळूज दोन्हीकडं उत्पादनात नोकरी झाली, शेवटची काही वर्षं बॅटरी पॅकच्या लाइनवर. म्हणून जरा लांब लिहितो.

"पाठीशी तज्ज्ञ कोण" हा गाडीवाल्यांचा प्रश्न झाला. तुमचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो अजून तुम्ही लिहिलेला दिसत नाही. तिघं बसा आणि ज्या गोष्टींचं उत्तर तिघांपैकी कोणाकडंच नाही त्यांची यादी करा. माणसं त्या यादीवरून शोधायची. आधी माणूस धरायचा आणि मग त्याला काय विचारायचं ते ठरवायचं, असं केलं की तो त्याला जे येतं तेच सांगत बसतो. तुमच्या प्राध्यापकांचं सोडियम बहुधा त्यातूनच आलंय.

तुमच्या यादीत काय असेल याचा मला अंदाज आहे, कारण प्रत्येक नव्या पॅकवाल्याचं गाडं तिथंच अडतं.

सेलची आवक तपासणी. पेटीवर ए-ग्रेड छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. प्रत्येक सेलचं व्होल्टेज, अंतर्गत रोध आणि नमुन्याला क्षमता मोजून, लॉटनुसार नोंद करून मगच एका पॅकमध्ये एकत्र घ्यायचे. नवी मंडळी म्हणतात, बीएमएस बॅलन्स करेल, म्हणजे सगळ्या सेलचा चार्ज सारखा करेल. जास्तीचा चार्ज जाळून टाकणाऱ्या साध्या पॅसिव्ह बीएमएसचा बॅलन्सिंग करंट बहुतेक १०० मिलीअँपिअरच्या आसपास असतो. १०० अँपिअर-अवरच्या सेलमध्ये चार्जच्या पातळीत ५ टक्के फरक असला तर ५ अँपिअर-अवर जाळायचे आहेत. म्हणजे ५० तास. आणि बॅलन्सिंग चालतं ते बहुधा चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात. गाडीवाला रोज तेवढा वेळ प्लग लावून ठेवणार आहे का?

वेल्डिंग. फवारणी पंपाच्या पॅकमध्ये तुम्ही ३२७०० आकाराचे गोल सेल वापरत असणार. निकेलची पट्टी पक्कडीनं सोलून काढा. वेल्ड चांगलं असेल तर पट्टी फाटते आणि ठिपका सेलवरच राहतो. पट्टी अख्खी सुटून आली तर तो पॅक शेतात पंपाच्या हादऱ्यानं उघडणार. ही चाचणी दर पाळीला, इलेक्ट्रोड घासल्यावर आणि पट्टीचा लॉट बदलल्यावर करायची, रजिस्टरला लिहायची. मोठ्या चौकोनी सेलला बसबार (सेल एकमेकांना जोडणारी धातूची पट्टी) बोल्टचा असेल तर टॉर्क रेंच आणि रंगाची खूण. कशाला म्हणून विचारू नका, सैल बोल्ट तापतो आणि पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

हे मी का सांगतोय? अमेरिकेत ए१२३ सिस्टिम्स ही कंपनी २००१ मध्ये निघाली. संस्थापकांत एमआयटीचे प्राध्यापक येट-मिंग च्यांग. तुम्ही वापरता तेच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) रसायन त्यांनी जगात पुढं आणलं. विज्ञानाच्या बाजूनं याहून भक्कम माणसं मिळणं अवघड. २०१२ मध्ये त्यांनी फिस्कर कार्मा गाडीला दिलेले पॅक सदोष निघाले. कारण काय, तर मिशिगनमधल्या लिव्होनियाच्या कारखान्यात एका वेल्डिंग मशिनचं कॅलिब्रेशन चुकलं होतं. माल बदलून देण्याचा खर्च साडेपाच कोटी डॉलरच्या घरात गेला आणि त्याच ऑक्टोबरात कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. इतरही कारणं होती, गाड्यांची मागणीच अपेक्षेइतकी आली नाही. तरी माझ्यासारख्या लाइनवरच्या माणसाला त्यातलं वेल्डिंग मशिन विसरता येत नाही.

म्हणून तुमचा पहिला सल्लागार मशिनपाशी उभा राहणारा हवा. लेड-ॲसिडवाले साहेब वाईट नाहीत, पण त्यांनी लिथियमची लाइन चालवली आहे का ते विचारा. नसेल तर त्यांना वॉरंटी, डीलर आणि परतीच्या मालाची तपासणी द्या. बीएमएसच्या निर्णयात आणू नका.

तुळजापूरकर
धागा चांगला आहे. मी शेतकरी, सोयाबीन आणि तूर. बॅटरीचा पंप चार-पाच हंगामांपासून वापरतो. कंपन्या अँपिअर-अवर सांगतात, आम्ही एका चार्जिंगला किती पंप होतात ते बघतो. तुमच्या डब्यावर तेवढं लिहा, दुकानात लगेच कळेल.

दुसरं, चार्जर. घरात जुन्या पंपाचा चार्जर पडलेला असतो, शेजाऱ्याचा असतो, पिन बसली की लावून टाकतात. वीज कधी रात्री येते, झोपेतून उठून कोण तपासतंय? हंगाम संपला की पंप पत्र्याच्या खोलीत टांगलेला असतो, पुढच्या जूनपर्यंत. जुनी लेडची बॅटरी त्यातच मरायची. तुमची टिकेल का?

सह्याद्रीपार
मूळचा लातूरचा, पुण्यात एका इलेक्ट्रिक वाहन कंपनीत खरेदी विभागात आहे. शॉपफ्लोअर यांचं तांत्रिक सगळं मान्य. पण पुण्यातल्या त्या मार्गदर्शकांचा विषयच त्यांनी काढला नाही, त्यांना इतक्या सहज बाजूला सारू नका. चांगलं लेझर वेल्डिंग मशिन, सायकलर (सेल पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करून तपासणारं यंत्र), तापमान चेंबर याला पैसा लागतो आणि बँक तारणाशिवाय बोलत नाही. खरेदीच्या टेबलावर बसून सांगतो, पुरवठादार तांत्रिकदृष्ट्या उत्तम असला तरी पुढच्या वर्षी दुकान चालू असेल का ही शंका आली की आम्ही ऑर्डर देत नाही. भांडवल आणून देणारा माणूससुद्धा सल्लागारच.

एथरचंच बघा. तरुण मेहता आणि स्वप्नील जैन यांनी २०१३ मध्ये कंपनी काढली ती आयआयटी मद्रासच्या इन्क्युबेटरमध्ये. सुरुवात बॅटरी पॅकच्या कल्पनेनंच झाली होती, पूर्ण स्कूटर नंतर आली. डोकं त्यांचं, पण भोवती संस्था होती, ओळखी होत्या, पहिला पैसा मिळवून देणारी माणसं होती. वाळूजच्या शेडमध्ये हे कुठून आणणार?

शॉपफ्लोअर
सह्याद्रीपार, पैसा लागतो हे मान्यच. माझा आक्षेप "सुरुवातीलाच ३ टक्के" याला आहे. अजून एकाही गुंतवणूकदाराची भेट घालून दिलेली नाही आणि हिस्सा आधी? पैसा आला की त्यावर मेहनताना ठरवा.

संस्था म्हणाल तर आपल्याकडंही आहेत. इथल्या उद्योजकांच्या संघटनेचं, सीएमआयएचं, मॅजिक इन्क्युबेटर शहरातच आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. तिथं चौकशी केली का?

ताळेबंद
जालन्यात सीएची प्रॅक्टिस आहे. हिश्शाचा विषय निघालाय म्हणून कायद्याची बाजू लिहितो. यात बऱ्याच स्टार्टअपचे कागद घोळात सापडतात.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ईसॉप (ठरलेल्या किमतीला पुढं शेअर घेण्याचा हक्क) फक्त कर्मचारी आणि संचालकांना देता येतात, कंपनी कायदा २०१३, कलम ६२(१)(ब). कलम ५४ खालची स्वेट इक्विटीही (काम किंवा ज्ञानाच्या बदल्यात दिलेले शेअर) कर्मचारी आणि संचालकांसाठीच आहे. बाहेरचा सल्लागार दोन्हींत बसत नाही. इंटरनेटवर अमेरिकी नमुन्याचे करार मिळतात, त्यात सल्लागाराला पाव ते एक टक्का, दोन वर्षांत हळूहळू असं असतं. आकड्याचा अंदाज म्हणून ते बघा, पण कागद जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडं मार्ग हे: एक, सरळ व्यावसायिक फी, बिलावर, टीडीएस कापून. दोन, शेअरच्या वाढत्या किमतीशी जोडलेली पण रोख स्वरूपात द्यायची रक्कम, करारानं. तीन, मूल्यांकन करून घेऊन शेअर वाटप, ज्याचे पैसे तो माणूस खरोखर भरतो. चौथा मार्ग म्हणून "संचालकच करून टाकू" असं कोणी सुचवेल. त्याचा नीट विचार करा. संचालकावर कायद्याची जबाबदारी येते आणि नंतर न पटल्यास बाजूला करणं सोपं नसतं. सल्लागार मंडळ आणि संचालक मंडळ वेगळं ठेवा.

३ टक्के एकदम देणं मला अजिबात पटत नाही. टप्प्यांनी द्या आणि प्रत्येक टप्प्याला काम जोडा.

प्राध्यापकांबाबत: त्यांच्या संस्थेची लेखी परवानगी घ्यायला सांगा. बहुतेक संस्थांत बाहेरच्या सल्लागारीचे नियम असतात आणि त्यांच्या प्रयोगशाळेत काही नवं निघालं तर बौद्धिक संपदेवर संस्था हक्क सांगू शकते. करारात आधीच लिहा. आणि पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत त्यांनी त्यावर शोधनिबंध किंवा परिषदेत भाषण करू नये. आधी प्रसिद्ध झालं की नावीन्य गेलं.

पैशाबद्दल: केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयास योजनेत नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात. २०२१ ची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि पुढं बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपानं देणारी. दोन्ही इन्क्युबेटरमार्फत. सध्या अर्ज खुले आहेत का ते तिथंच विचारा, आणि कंपनी नोंदवून किती काळ झाला ते आधी बघा. सीड फंडात दोन वर्षांची अट होती.

परभणी_ई_ऑटो
राम राम मंडळी. मी परभणीत ई-रिक्षा अन् मालवाहू ऑटो दुरुस्त करतो. डिग्री नाही, आयटीआय आहे. एवढी मोठी माणसं बोलायलीत म्हणून लिहू का नको असं झालं, पण बॅटऱ्या आमच्याच दुकानात येऊन पडतात म्हणून लिहितो.

लिथियमची गाडी घेऊन येणाऱ्याची पहिली तक्रार, मीटरवर ४० टक्के दिसत होतं अन् गाडी रस्त्यात बंद पडली. बॅटरी काढून चार्ज केली की ठीक. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

दुसरी एप्रिल-मेमधली. दुपारी फेऱ्या मारून येतो, लगेच चार्जिंगला लावतो, घेतच नाही. ड्रायव्हर म्हणतो बॅटरी खराब. मग कोणीतरी त्याला सांगतं, बीएमएस काढून डायरेक्ट जोड. मी जोडून देत नाही, पण देणारे हायत. लेकराबाळांच्या घरात रातभर ती गाडी चार्जिंगला असते, भीती वाटते मला.

तिसरी, कनेक्टर जळून येतात. पिवळा प्लग काळा पडलेला. बॅटरी चांगली असते, प्लग खराब. चौथी, बीएमएस गेलं तर तसलं दुसरं मिळत नाही. कंपनीचा नंबर लागत नाही. गाडी उभी म्हणजे त्या माणसाची रोजी बंद. हप्ता तर थांबत नाही.

मी सल्ला देण्याएवढा मोठा नाही. पण पॅक उघडायला चार स्क्रू असावेत, सगळं चिकटवून बंद करू नये, एवढं मात्र सांगीन.

नांदेडची_रसायन
परभणीच्या दादांनी लिहिलंय ते या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. मी नांदेडची, पुण्यात लिथियम सेलच्या चाचणीवर काम करते. त्यांच्या पहिल्या दोन तक्रारींची कारणं लिहिते.

४० टक्क्यांवर गाडी बंद: एलएफपी सेलचं व्होल्टेज साधारण २० ते ८० टक्के चार्जच्या दरम्यान जवळपास सपाट राहतं, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या पट्ट्यात. व्होल्टेज बघून किती चार्ज उरलाय ते सांगता येत नाही. म्हणून बीएमएस आत-बाहेर गेलेला करंट मोजून हिशेब ठेवतं. करंट सेन्सरची बारीकशी चूक रोज साचत जाते. पूर्ण चार्ज झाला की हिशेब पुन्हा जुळतो, कारण टोकाला व्होल्टेज झपाट्यानं चढतं. पण मालवाहू ऑटोवाला मिळेल तेव्हा अर्धा तास प्लग लावतो आणि निघतो. पूर्ण चार्ज होतच नाही, त्यामुळे हिशेबही जुळत नाही आणि वर लिहिलेलं बॅलन्सिंगही होत नाही. त्यात एखादा सेल मागं पडलेला असेल तर तो आधी तळाला जातो आणि बीएमएस सगळा पॅक तोडतं. मीटर सरासरी दाखवतं, पॅक सगळ्यात दुबळ्या सेलवर चालतो. उपाय: आठवड्यातून एकदा रात्रभर पूर्ण चार्ज, आणि ते ड्रायव्हरला मराठीत, गाडीवरच्या स्टिकरवर सांगणं. त्याबरोबर चांगला करंट सेन्सर.

मे महिन्यात चार्ज न घेणं: बऱ्याच लिथियम सेलची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते. आपल्याकडं बाहेर ४२-४३ अंश, वरून सीटखालच्या डब्यात मोटर कंट्रोलरची उष्णता. सेल सहज ५० च्या पुढं जातात. बीएमएस चार्जिंग थांबवतं आणि ते योग्यच करतं. बीएमएस बायपास करणं जिवाशी खेळ आहे, दादा, तुम्ही नकार देता हे फार चांगलं करता. गोदाकाठ, इथं तुम्हाला काम आहे. कारण तपासा: सेन्सर कुठं बसवलाय? डब्याच्या भिंतीला असेल तर उन्हात डबा तापला की चार्जिंग उगाच बंद होईल, आणि मधल्या सेलला असेल तरच खरी गोष्ट कळेल. शिवाय चार्जिंग थांबल्यावर "बॅटरी गरम आहे, सावलीत ठेवा" असा दिवा किंवा संदेश हवा. ड्रायव्हरला कारण कळलं तर तो बीएमएस काढायला सांगणार नाही.

सेलच्या माहितीपत्रकावर चार्ज-डिस्चार्जची २००० किंवा ३००० चक्रं लिहिलेली असतात. ती बहुधा २५ अंशांना, मंद करंटवर मोजलेली असतात. साधारण अंदाज असा की दर १० अंशांना सेलमधल्या ऱ्हासाचा वेग दुप्पट होतो. तेव्हा ४५ अंशांना तुमची स्वतःची चाचणी हवीच. प्राध्यापकांकडून मागायची गोष्ट ही आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा सेल किती जगतो, याचं उत्तर द्यायला मदत करा म्हणावं. त्यांच्याकडं सायकलर आणि ओव्हन असणार.

सोडियमबद्दल. त्यांचं म्हणणं निराधार नाही. पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधनातून केपीआयटी कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. सोडियमला लिथियम लागत नाही, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पट्टी चालते आणि सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवून वाहतूक करता येते. पण सेलचं व्होल्टेज साधारण ४ पासून १.५ पर्यंत घसरतं, एवढा पट्टा गाडीचा कंट्रोलर सहन करायला हवा. वजनाच्या मानानं ऊर्जा कमी. थंडीत चांगलं चालतं, पण ती आपली अडचणच नाही. आजच्या ऑर्डरसाठी एलएफपीच ठेवा, सोडियमवर वर्षाकाठी एक नमुना करत राहा.

एलएफपीचा मूळ शोधनिबंध १९९७ चा, टेक्सास विद्यापीठातला. जॉन गुडइनफ यांच्यासोबत त्यावर अक्षय पाधी आणि नंजुंडस्वामी ही आपल्या मातीतली दोन नावं आहेत. हे आठवलं की मला आजही अभिमान वाटतो. पण तो पदार्थ वीज फार कमी वाहून नेत असे. कणांवर कार्बनचा थर देणं, कण बारीक करणं हे झालं तेव्हा तो बॅटरीत उपयोगाचा ठरला. सोडियमलाही तसा वेळ द्यावा लागेल.

तुळजापूरकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: लेड-ॲसिड बॅटरी अर्धी उतरलेली तशीच टांगली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती मरते. एलएफपीला तो त्रास नाही. मात्र अगदी रिकामी करून सहा महिने ठेवू नका, बीएमएस स्वतः थोडी वीज खात राहतं. अर्धी चार्ज करून ठेवा, गार जागा बघून. चार्जरबाबत तुम्ही फार महत्त्वाचं बोललात. चार एलएफपी सेलचा पॅक १४.६ व्होल्टला भरतो, लेडचा चार्जर त्याच्या आसपास असतो म्हणून निभावतं. पण काही स्वस्त पंपांत तीन एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट, लिथियमचाच दुसरा प्रकार) सेल असतात, ते १२.६ ला भरतात. त्यांना तोच चार्जर लावला तर केवळ बीएमएसच्या भरवशावर सगळं आहे.

गोदाकाठ
काय लिहू, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

शॉपफ्लोअर सरांनी सांगितलं तसं आम्ही तिघांनी बसून यादी केली. उत्तर नसलेले मोठे प्रश्न हे निघाले: ४५ अंशांना सेलचं आयुष्य, १६ सेलचा पॅक गाडीच्या हादऱ्यांत टिकेल अशी बसबार जोडणी, एआयएस-१५६ (गाडीच्या बॅटरीचं सुरक्षा मानक) ची तयारी, आणि गाडी लातूर किंवा हिंगोलीत बंद पडली तर तिथं कोण जाणार. सोडियम त्या यादीत आलंच नाही. गुंतवणूकदारांची ओळखही आली नाही, पण पैशाचा प्रश्न आहे हे खरं, सह्याद्रीपार यांचा मुद्दा पटतो. मॅजिकमध्ये वेळ मागितली आहे.

एआयएस-१५६ बद्दल कोणी सांगेल का? दोन सल्लागार संस्थांनी "प्रमाणपत्र मिळवून देतो" म्हणून मोठी रक्कम सांगितली.

सह्याद्रीपार
"मिळवून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात ई-स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर नियम कडक झाले. दुचाकी-तीनचाकी म्हणजे एल वर्गासाठी एआयएस-१५६ च्या तिसऱ्या दुरुस्तीचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू आहे. एका सेलनं पेट घेतला तर शेजारच्यात किती पसरतो, पाण्यात बुडवल्यावर आत शिरतं का, आतला दाब बाहेर पडायला वाट आहे का, सेलचा माग लावता येतो का, हे सगळं बघतात. पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेत चाचणी होते. नापास झालात तर पुन्हा नमुने, पुन्हा फी, पुन्हा रांग.

म्हणून मंडळात एक जण असा हवा ज्यानं स्वतः पॅक चाचणीतून पास करून घेतलाय. तो डिझाइन कागदावर असतानाच सांगतो की या दोन सेलमधली जागा पुरणार नाही, हा गॅस्केट बुडवल्यावर गळेल. साचा बनण्याआधी हे कळलं तर त्याची फी वसूल झाली समजा. आमच्याकडं खरेदीत आम्ही पुरवठादाराला विचारतो, तुमचा सल्लागार शेवटचा कधी कारखान्यात आला होता आणि त्यानं काय बदलायला लावलं? उत्तर आलं नाही की ते नाव फक्त प्रेझेंटेशनमधलं आहे हे कळतं.

आणखी एक. वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार उत्पादकावर आहे, केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. सेल पाठवताना यूएन ३८.३ चा (वाहतुकीतल्या सुरक्षेच्या चाचणीचा) अहवाल पुरवठादाराकडून मागून घ्या. यासाठी वेगळा तज्ज्ञ नको, ताळेबंद यांच्यासारखा माणूस आणि तुमच्यातला एक जण पुरे.

लातूरचा_मुक्काम
वाचतोय. फार उपयोगी धागा. एक विचारू का? सल्लागार एकाच वेळी स्पर्धक कंपनीलाही सल्ला देत असेल तर?

ताळेबंद
करारात लिहून घ्या: आणखी कोणाकोणाचं काम करतात ते त्यांनी सांगायचं, आणि त्याच उत्पादनात तुमच्याशी थेट स्पर्धा करणाऱ्याचं काम कराराच्या काळात घ्यायचं नाही. गोपनीयतेचं कलम वेगळं. मुदत एक वर्षाची ठेवा, आपोआप वाढणारी नको. वर्षाअखेर दोघांनाही मोकळेपणानं थांबता आलं पाहिजे.

गोदाकाठ
आम्ही तिघांनी ठरवलं ते लिहितो, चूक वाटलं तर सांगा.

प्राध्यापकांशी बोललो. ४५ अंशांच्या चाचणीचं म्हटल्यावर ते उलट खूश झाले, एक विद्यार्थी या कामावर देतो म्हणाले. त्यांच्या संस्थेमार्फत सल्लागारीचा करार होईल, फी संस्थेत भरायची. पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्या सेलचा आतापर्यंतचा सगळा मोजमापांचा तक्ता मागितला आणि त्यातल्या दोन लॉटवर बोट ठेवलं. लेड-ॲसिडवाले काका वॉरंटीच्या परतीच्या मालावर येणार, महिन्याला ठरावीक फी. पुण्याच्या गृहस्थांना सांगितलं, गुंतवणूक आली तर त्यावर मेहनताना, हिस्सा नाही. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलंय. एआरएआयमधून पॅक पास करून घेतलेल्या माणसाचा शोध चालू आहे. सह्याद्रीपार, कोणी ओळखीचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप टाका.

आणि परभणीचे दादा, आमच्या सल्लागारांच्या यादीत तुमचं नाव घालायची आमची इच्छा आहे, फी सहित. तुमच्याकडं उघडून पडलेले पॅक आम्हाला बघायचे आहेत, कुठल्याही कंपनीचे. नव्या पॅकचा पहिला नमुना आधी तुमच्याकडं आणू, तुम्ही तो खोलायचा आणि सांगायचं कुठं अडतंय.

परभणी_ई_ऑटो
साहेब, फीचं बघू नंतर. नाव घालायचं म्हणता, ते गाडीवाल्या कंपनीला चालेल का? बाकी पॅक हायत माझ्याकडं, सात-आठ तरी निघतील. प्रत्येकावर खडूनं लिहून ठेवलंय काय तक्रार घेऊन आला होता ते.

सह्याद्रीपार
चालेल. मी त्यांच्या जागी असतो तर ते नाव वाचून पुढचे प्रश्न तुम्हालाच विचारले असते.

शॉपफ्लोअर
गोदाकाठ, परभणीला जाल तेव्हा मलाही सांगा, येतो. पॅक उघडताना व्होल्टमीटर, इन्सुलेटेड हत्यारं आणि वाळूची बादली सोबत घ्या, आणि फुगलेल्या सेलला तिथं कोणी हात लावू नका. प्रत्येक पॅकचे सेलवार व्होल्टेज लिहून घ्यायला एक कोरी वही.

नांदेडची_रसायन
त्या वहीत आणखी एक रकाना करा: तापमानाचा सेन्सर नेमका कुठं चिकटवलेला होता. फोटोसहित. सगळ्या पॅकचं मला पाठवा, मी बघून इथंच लिहिते.